दाजी, त्या बैठकीत तुम्हीच बोललात

दाजी,

तुमच्या दशक्रियेला नदीकाठी बरीच भाषणं झाली. एका पुढाऱ्याने तुम्हाला अजातशत्रू म्हटलं, तेव्हा बांधावरून तुमच्याशी उभं आयुष्य भांडलेला माणूस माझ्या शेजारीच मान डोलावत बसला होता. दुसऱ्याने तुमचं आडनाव चुकवलं आणि मग तेच चुकीचं आडनाव घट्ट धरून बराच वेळ बोलला. शेवटी माईकवरून माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. लोक हळहळले. "इष्णूला शोक आवरंना." शोक होताच, पण मला जे बोलायचं होतं ते मंडळींना सांगायचंच नव्हतं. तुम्हाला सांगायचं होतं. म्हणून आज दुकान उघडलं, गिऱ्हाईक नाही हे पाहिलं आणि लिहायला बसलो. गिऱ्हाईक नाही हे पाहायला मला फार वेळ लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, "केजात वह्यापेनांची दुकानं लई हायेत, पन पेन मागितल्यावर गोष्ट देनारं आमच्या मेव्हण्याचं एकच."

तुमचं माझ्या उलट होतं. एरवी तुम्ही फार बोलत नसायचात. तुमचं बोलणं बैठकीसाठी राखून ठेवलेलं. पोरीकडचे आणि पोराकडचे सतरंजीवर समोरासमोर बसले, पाणी फिरलं, रामराम झाले की कुणीतरी विचारायचं, "पोरीकडून बोलनार कोन?" आपल्या गोतावळ्यात या प्रश्नाला वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं. तुम्ही टोपी नीट करायचात आणि थोडं पुढं सरकायचात. तेवढ्यानेच समोरचे थोडे मागं सरकायचे. मांडव कुणाच्या दारात, मानपान किती, साड्या कुणी घ्यायच्या, रुसून बसलेल्या मामाचं काय करायचं, सगळं चार वाक्यांत मिटवून तुम्ही म्हणायचात, "चला." मग सुपारी फुटायची.

माझं लग्नही तुम्हीच जमवलंत, आणि त्यावरचा आपला वाद काही मिटला नाही. तुमचं म्हणणं, "पोरीचे मामा उठून निघालते. म्या धोतर धरून बसवले." माझं म्हणणं, त्यांनी माझा फोटो पाहूनच होकार ठरवला होता, बैठक नुसती नावाला. त्यावर तुम्ही शांतपणे म्हणायचात, "फोटो बघूनच तर उठलते." याचं उत्तर सापडलं की कळवीन.

मग एका आठवडी बाजारात, वडवणीच्या टपरीवर चहा पिताना तुमच्या उजव्या हातातून कप निसटला. कप उचलायला वाकलेल्या टपरीवाल्याला तुम्ही काहीतरी म्हणालात. ते मराठी नव्हतं, दुसरी कुठली भाषाही नव्हती. डॉक्टरांनी लकवा सांगितला, मेंदूची डावी बाजू सांगितली. पाय हळूहळू टेकू लागला, हातही थोडा उचलू लागला. शब्द मात्र गेले. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं. कोण आलं, कोण आलं नाही, चहात साखर कुणी जास्त घातली, सगळं तुम्हाला कळत होतं. पण ओठांवर यायचं ते एकच: "चला."

पाणी हवं, चला. पंखा बंद करा, चला. भेटायला आलेल्या पाहुण्याचा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून तुम्ही म्हणायचात, "चला... चला..." आणि पाहुणा बिचारा चपला शोधायला लागायचा. तुमच्या थोरल्या भावाने, आबांनी, तर ते किती दिवस मनात धरलं. "सख्ख्या भावानं उंबऱ्यावरून हाकललं बे मला!" अक्का, माझी बहीण, तुमची बायको, एकेकाच्या मागं अंगणापर्यंत धावायची. "आवो, बसा म्हनतायत! बसा!"

इलाजही आम्ही काही थोडे केले नाहीत. लहान लेकराला लवकर बोलता यावं म्हणून चाटवतात तसं अक्काने तुम्हाला मधात उगाळलेलं वेखंड चाटवलं. तुमचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता शब्द नक्की येणार, आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नसणार. सगळं घर तुमच्याशी ओरडून बोलायचं, जसं काही कानच गेलेत. आणि मी? मी तर तुमची वाक्यं पुरी करून द्यायचं दुकानच टाकलं. तुमच्या तोंडून नुसतं "च..." निघायचा अवकाश, माझं सुरू व्हायचं: चहा? चष्मा? चटणी? चावी? चुलीवरचं पाणी? तुम्ही मान फिरवून भिंतीकडे बघायचात. मला वाटायचं, दाजी दमले.

लकव्यात गेलेलं बोलणं परत शिकवणाऱ्या अंबाजोगाईच्या मॅडम शोधल्या त्या शीतलने. तुमची धाकटी लेक तेव्हा बीडला नर्सिंग शिकत होती. तिने घरी येऊन सगळ्यांना समोर बसवलं. "अण्णांचं बोलनं माघारी येऊ शकतं. सगळं न्हाई, पन बरंच. फक्त आठवड्यातनं एकदा जाऊन भागत न्हाई. रोज, तासन् तास, लागोपाठ करून घ्यावं लागतं. कुनीतरी रिकामं मानूस सोबत रहायला पायजे." सगळ्या घराने एकदम माझ्याकडे पाहिलं. माझ्या बायकोने सगळ्यात आधी.

तर अंबाजोगाईला खोली घेतली. तुम्ही, अक्का आणि मी. सकाळी मॅडमकडे, दुपारी जेवून परत मॅडमकडे, संध्याकाळी खोलीवर तोच अभ्यास. मॅडम वयाने शीतलपेक्षा थोड्याच मोठ्या, बोलणं पुण्याकडचं. पहिल्याच दिवशी त्यांनी अक्काला विचारलं, "यांचं पूर्ण नाव काय?" अक्का गप्प. त्यांनी परत विचारलं. अक्काने पदर सारखा केला आणि खाली बघितलं. मॅडम माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "यांनाही काही त्रास झाला होता का?" तेव्हा तुम्ही हसलात. लकव्यानंतर पहिल्यांदा, पोट धरून. नवऱ्याचं नाव घेत नाही म्हणून बायकोही पेशंट ठरली!

मॅडमच्या चित्रांच्या गठ्ठ्यात छत्री होती, कुलूप होतं, होडी होती. होडीकडे तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि मग माझ्याकडे. तुमची नजर मला स्वच्छ वाचता आली: आपल्याकडं प्यायला टँकर लागतो आन ही बाई होडी इचारती. मॅडमनाही ती थोडी वाचता आली असावी, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चित्रं काढून आणली. विळा, कासरा, भाकरी, बैल. बैलाच्या चित्राकडे बघून तुम्ही जोर लावलात, मान ताठ केलीत आणि म्हणालात, "कुत्रं." मॅडम म्हणाल्या, "छान! शब्द आला, फक्त चुकीचा आला." मी ते चित्र नीट पाहिलं. दाजी, तुमचं चुकलं नव्हतं.

पण त्या खोलीतला अवघड पेशंट कोण, हे मॅडमच्या लवकरच लक्षात आलं. मला म्हणाल्या, "काका बोलायच्या आधी तुम्ही बोलता."

"मदत करतो ओ."

"ही मदत नाही. त्यांना शब्द माहीत आहे, तो सापडायला वेळ लागतोय. तुम्ही शब्द हातात ठेवला की त्यांचं शोधणं बंद पडतं. आणि तुम्ही ठेवलेला शब्द दर वेळी त्यांचाच असतो असं थोडंच आहे?"

मी मान डोलावली, पटलं म्हणून सांगितलं आणि पुढच्या चित्राला तुमच्या आधी "भाकरी!" म्हणून ओरडलो. मॅडम उठल्या, पेल्यात पाणी आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "एक घोट तोंडात घ्या. काका बोलेपर्यंत गिळायचा नाही."

तो घोट, दाजी! समोरचा माणूस भाकरीतला भ शोधत असताना किती काळ जातो, हे तोंडात पाणी धरल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. माझे फुगलेले गाल बघून तुम्हाला हसू यायचं, हसू आलं की हाताशी आलेला शब्द पळायचा, की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मला ठसका लागला आणि सगळं पाणी मॅडमच्या चित्रांवर उडालं. त्या होडीला तेवढं पाणी आमच्याकडून मिळालं.

सगळेच दिवस असे हसण्याचे नव्हते. आज आलेला शब्द उद्या पुन्हा गायब असायचा. एका दुपारी तुम्हाला "कासरा" काही केल्या येईना. आदल्या दिवशी आला होता, आणि तुम्हाला तो आल्याचं आठवत होतं, तेच वाईट. तुम्ही चित्रांचा गठ्ठा भिंतीवर फेकलात. अक्का व्हरांड्यात जाऊन रडली, चूळ भरली आणि आत येऊन चित्रं गोळा करायला बसली. खोलीवर परत गेल्यावर तुम्ही डाव्या हाताने सीताफळ फोडलंत, मोठा भाग माझ्यापुढं सरकवलात आणि म्हणालात, "घे." त्या शब्दाचा सराव कुणी घेतला नव्हता, त्याचं चित्र कुणी दाखवलं नव्हतं. तो तसाच आला. मी सीताफळ खात राहिलो, कारण वर बघायची सोय नव्हती.

मग मॅडमनी विचारलं, "काका, माझी चित्रं राहू द्या बाजूला. तुम्हाला स्वतःला काय बोलायचंय?"

मी मनात उत्तरं मांडली: पाणी, भूक, संडासला जायचंय, पाय दुखतो. तुम्ही टोपी मागितलीत. ती नीट घातलीत. पलंगावर मांडी घातलीत, डाव्या हाताने चादर सपाट केलीत आणि थोडं पुढं सरकलात. मग माझ्या मोबाइलकडे बोट केलंत आणि फोटो सरकवत सरकवत शीतलवर थांबलात.

अक्काला आधी कळलं. "बैठक म्हनतायत. शीतलची."

तेव्हा नेमकं वडवणीकडचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत नोकरीला, स्वभावाने शांत. शीतलला तो पसंत होता. पण घरात चालायचं त्याच्या चुलत्यांचं, आणि त्यांनी मध्यस्थाकडून निरोप धाडला होता: पोरगी लग्नानंतर घरी राहील, शिक्षण आणि नोकरी नको. शीतल म्हणाली, "मग स्थळबी नको." आबा म्हणाले, "असलं स्थळ उंबऱ्यावर परत येनार न्हाई. आधी लगीन, मग बघू." आणि बैठकीत तुमच्या जागी मी बोलायचं, असं आबांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. माझी निवड का झाली, ते मला पक्कं ठाऊक होतं. मी बोलायला लागलो की समोरच्याला आवडेल तेच बोलतो. आबांना नेमकं तेच हवं होतं.

तुमच्या मनातलं वाक्य हुडकायला मॅडमची अख्खी दुपार गेली. हे की ते? हो की नाही? बोट दाखवा, मान हलवा. त्यांनी चुकीचं काही धरलं की तुम्ही मांडीवर चापट मारायचात. शेवटी तीन तुकडे उरले. "पोरगी शिकंल. नोकरी करंल. कबूल?" त्यात मांडव नाही, मानपान नाही. ज्या माणसाला अजून धड "पाणी" म्हणता येत नव्हतं, त्याला आधी हे म्हणायचं होतं.

मग सराव. डाव्या हाताने मांडीवर ठेका, ठेक्यावर शब्द. आधी मॅडमबरोबर, मग मॅडमच्या मागून, मग एकट्याने. "शिकंल"चं इतक्यांदा "शिंकंल" झालं की खोलीत खरोखर कुणाला शिंक आली तरी आपण तिघं हसायचो. अक्का भाकरी थापायची ती त्याच ठेक्यावर. मी भाजी आणायला निघालो की वाटेने तेच पुटपुटत जायचो, आणि कोथिंबीरवाल्या बाईला एकदा "कबूल?" म्हणून विचारून बसलो.

बैठक ठरली तुमच्याच ओसरीत. निघताना मॅडमनी मला बाजूला घेतलं. "ते अडतील. लोक बघत असले की जास्त अडतात. पण त्यांना येतं. तुमचा पेला तेवढा विसरू नका."

पेला घेऊन मी तुमच्या उजव्या हाताला बसलो. पाणी फिरलं, रामराम झाले. चुलत्यांनी विचारलं, "पोरीकडून बोलनार कोन?" आबांनी माझ्याकडे हात केला. तेवढ्यात तुम्ही टोपी नीट केलीत आणि पुढं सरकलात. आबांचा हात तसाच हवेत राहिला. मी घोट भरला.

तुम्ही मांडीवर ठेका धरलात. "पो..." म्हणालात. आणि थांबलात.

पाव्हण्यांना तुमच्या दुखण्याचं एवढंच माहीत होतं की बोलणं जरा जड झालंय. तुमच्या बैठकींच्या गोष्टी मात्र त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या. चुलते स्वतः मुरलेले. बैठकीत पोरीकडचा बोलणारा एकटक बघत गप्प राहिला, तर त्याचा एकच अर्थ त्यांना ठाऊक: गडी अडून बसलाय. थोडा वेळ त्यांनी दम धरला. मग म्हणाले, "मांडवाचं मनात असंल तर सांगा. आमच्या दारात करू."

तुम्ही त्यांच्याकडे बघत ओठ जुळवत होतात.

"बरं, मानपानाचंबी राहू द्या."

तुमचा हात मांडीवर पडला. ठप्प.

"बरं बरं! साड्या आमच्याकडून!"

आबांचे डोळे चकाकायला लागले. ज्या आबांनी तुम्हाला गप्प बसवायचा घाट घातला होता, ते आता माझ्या कानाशी येऊन कुजबुजत होते, "बसू द्या त्येंना गप. बिलकूल बोलू देऊ नका." पाव्हण्यांकडचे एक म्हातारे शेजाऱ्याला म्हणाले, "लई पक्का मानूस हाय." आणि तुम्ही, दाजी, घामाघूम होऊन फक्त एक "पोरगी" शोधत होतात.

चुलत्यांना आता काही द्यायचं उरलं नव्हतं. ते माझ्याकडे वळले. "मेव्हणं, तुमी तर बोला. कावून गप एवढे? ह्येंना पायजे तरी काय?"

सगळी ओसरी माझ्याकडे बघायला लागली. मेव्हणे गाल फुगवून बसलेले. खरं सांगतो, डोक्यात वाक्य तयार होतं: काही न्हाई ओ, दाजींची जरा तब्येत, शिक्षणाचं नंतर बघू, आना सुपारी. किती सोपं, किती गोड. तोंड रिकामं असतं तर ते बाहेर पडून गेलं असतं. थोडं पाणी नाकावाटे आलंच. ते मी रुमालाने टिपलं. पाव्हण्यांना वाटलं, मेव्हणाही रडकुंडीला आला, म्हणजे प्रकरण फारच अवघड आहे.

आणि मग तुम्ही बोललात.

"पोरगी... शिकंल."

तुम्ही पुन्हा मांडीवर ठेका दिलात.

"नोकरी... क... करंल." तुम्ही मान वर केलीत. "कबूल?"

दारामागं बांगड्या वाजल्या. चुलत्यांनी एक श्वास सोडला. "पाव्हणं, बाकी समदं सोडलं की आमी. येवढं एक तेवढं..."

तुम्ही डावा हात आडवा फिरवलात. मांडव, मानपान, साड्या, जे जे त्यांनी आपण होऊन दिलं होतं ते सगळं तुम्ही एका फटक्यात त्यांच्याकडे परत ढकललंत. आबांनी कपाळाला हात लावला. "कबूल?" या वेळी तो शब्द झटकन आला.

मुलगा मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसला होता. बैठकीत नवरदेवाने बोलायचं नसतं. तो उभा राहिला. "मला कबूल हाय."

"तू बस बे खाली!" चुलते गरजले.

"बसतो. पन कबूल हाय."

चुलत्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, आणि पदरचं गेलेलं सगळं तुम्ही परत करून बसलात हेही बहुतेक त्यांच्या हिशेबात आलं. "आना मग सुपारी," ते म्हणाले. मी घोट गिळला. पाणी कोमट झालं होतं.

पाव्हणे गेल्यावर तुम्ही माझा हात धरलात. "इष्णू... तू..." आणि थांबलात. माझ्या तोंडात तेव्हा पाणी नव्हतं, तरी मी गप्प बसलो. शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशी परत, "तू..." त्यानंतरही कितीदा. मॅडमचा नियम मोडून मी एकदा विचारलं, "शहाणा?" तुम्ही मान हलवलीत, नाही. "मूर्ख?" तुम्ही जरा विचार केलात. मग नाही. आपण दोघंही हसलो. येईल तेव्हा येईल, असं आपलं ठरलं. घाई कुणालाच नव्हती.

पुढं एका सकाळी उन्हाला ओट्यावर बसला होतात, तिथंच दुसरा झटका आला आणि तुम्ही गेलात. ते वाक्य तिथंच राहिलं. ते पुरं करायचा मोह मला रोज होतो. कधी वाटतं, तुम्हाला फोटोचाच विषय काढायचा होता. कधी वाटतं, शाबास म्हणायचं होतं. मग माझं मलाच हसू येतं. पण तुमच्या वाक्यात मी माझा शब्द घालणार नाही. एवढं तरी तुम्ही आणि त्या मॅडमनी मिळून मला शिकवलंत, आणि मला काही शिकवणं किती कठीण आहे, ते माझ्या बायकोला विचारा.

आता जे सांगायला बसलो होतो ते. दशक्रियेच्या आदल्या दिवशी चुलते बसायला आले. चूल बंदच, शेजारच्या घरून थर्मासमध्ये चहा आलेला. तुमच्याविषयी चार शब्द चांगले बोलले. खरेच चांगले बोलले. मग कप हातात फिरवत म्हणाले, "घडायचं ते घडलं. आता पोरीच्या डोक्यावर बाप न्हाई. उगा लांबवण्यात अर्थ न्हाई, लगीन उरकून घेऊ. शिक्षणाचं काय, बघू नंतर."

आबा म्हणाले, "बरोबर हाय." आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आता पोरीकडून बोलणारा मीच ना. माझ्याकडे वाक्यं भरपूर होती, दाजी. सगळी गोड, सगळी मवाळ, आणि त्यातलं एकही तुमचं नव्हतं. त्यातल्या त्यात बरं कुठलं ते मी निवडत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

अक्का. डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसलेली, दुखवट्यात परक्या माणसापुढं एक अक्षर न बोललेली आपली अक्का.

"पाव्हणं, ते बैठकीत बोलले तवा तुमी समोरच बसला होता न्हवं?"

चुलते दचकले. "होतो की वैनी. पन आता ते न्हाईत..."

"ते न्हाईत. बोललेलं हाय."

मी माझं वाक्य गिळलं. आबांनी तोंड उघडलं, ते मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून मिटवलं. चुलत्यांनी कप खाली ठेवला, उपरणं सारखं केलं. म्हणाले, "हाय, वैनी. बोललेलं हाय." मग माझ्याकडे न बघता तिलाच म्हणाले, "परीक्षा होऊ द्या. तारीख मागनं काढू. आन लग्नानंतर शिकंल ती, ठरलंय तसं."

शीतल आज सकाळी बीडला गेली. बापाचं दहावं झालं अन् लगेच पोरीने घर सोडू नये, असं भावकीचं म्हणणं पडलं. अक्काने नुसती पिशवी भरून दिली. मी केजच्या स्टँडवर सोडायला गेलतो. गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभा, म्हटलं आता पोरगी रडेल, काय बोलून धीर द्यावा. तिने पिशवीतून पुस्तक काढलं, मांडीवर उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. गाडी हलली. मी हात वर केला होता. तिचं लक्षच नव्हतं. गाडी वळेपर्यंत तिने एकदाही मान वर केली नाही.

दाजी, मला लई बरं वाटलं.